काळ्या मातीवरचे फिरते घर

मुंबईहून संध्याकाळची आगगाडी धरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस उज्जैनच्या फलाटावर उतरतो. असे असता आम्ही तिघे जण मोटारीने, मोटारीमागे भाड्याने घेतलेले एक चाकांचे घर जोडून, तीन दिवस रस्त्यावर का राहिलो, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाही तर पुढील हकीकत वाचकांस निव्वळ चैन वाटेल.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी परिचारिका आहे. उज्जैन जिल्ह्यात महिदपूरच्याही पलीकडे एका खेड्यातील लहानशा दवाखान्यात ती सेवा करते. राहावयास एकच खोली, तीही औषधांच्या खोक्यांनी निम्मी भरलेली. दादा दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाले. वर्षातून दोन महिने मुलीजवळ राहावे, पण तिच्या गळ्यात पडू नये, अशी त्यांची व वहिनींची इच्छा. त्यातून दादांच्या मनाने घेतले की, एक कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीने ओढावयाचे घर, विकत घ्यावे. मुलीच्या अंगणात ते उभे करावे आणि पुढे बस्तर, कच्छ, जमेल तिथवर हिंडावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडील वर्तमानपत्रांतही दिसू लागला आहे. दादांनी एका कारखान्यात बयाणा भरला होता. घर सहा मीटर लांब. आत पलंग, शीतयंत्र, कपडे धुण्याचे यंत्र आणि दोनशे लिटर पाण्याची टाकी. उरलेली रक्कम म्हणजे त्यांच्या फंडाचा मोठा हिस्सा. मी म्हणालो, “दादा, पैसे भरण्यापूर्वी एकदा लहान गाडी भाड्याने घेऊन त्याच वाटेने जाऊन येऊ. मग तुम्ही म्हणाल तसे.” वहिनींनी माझी बाजू घेतली, म्हणून दादा कबूल झाले.

निघताना दादांनी बांबूची एक काठी व सुताची एक दोरी बरोबर घेतली. नव्या घराचा मागचा तळ जमिनीपासून जितका उंच असणार होता, तितकी काठी कापलेली. आणि त्याच्या चाकापासून शेपटापर्यंत जितके अंतर, तितकी दोरी. कारखान्याच्या चित्रमय पुस्तकाहून ही काठी व दोरीच आम्हांस पुढे अधिक उपयोगी पडली.

खडबडीत मुलखासाठी म्हणून अशी घरे बांधण्याचा खरा अनुभव ऑस्ट्रेलियातील लोकांचा. तेथे शेकडो किलोमीटर कच्चे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे लाटालाटांचे झालेले असतात. त्या कंपाने सांधे निखळतात, कपाटांचे खिळे ढिले होतात आणि फटींतून धूळ थेट अंथरुणापर्यंत पोहोचते. म्हणून ते लोक आधी सांगाडा, स्प्रिंगा व दाराच्या रबरी पट्ट्या पाहतात; पडदे व गाद्या मागाहून. घराची चाके ओढणाऱ्या मोटारीच्याच मापाची घेतात, म्हणजे एकच जादा चाक दोहोंसही चालते. जोडणीचा हूक चारी बाजूंस वळणारा हवा. नाही तर खड्ड्यात मोटार एका अंगास आणि घर दुसऱ्या अंगास कलले की लोखंड पिळवटते. हौसेचे घर ओढण्याची कल्पना तशी जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातील एका निवृत्त डॉक्टराने १८८५ साली इंग्लंडात ‘वाँडरर’ नावाचे असे घर बांधून घेतले. वजन सुमारे दोन टन, ओढावयास दोन घोडे. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येईल म्हणून त्याचा चाकर तीनचाकी सायकलवर पुढे धावे. इतका सरंजाम असेल तर काय नको!

नाशिक, धुळे, सेंधव्याचा घाट आणि खलघाटाजवळ नर्मदेचा पूल, असा आमचा मार्ग. धुळ्याच्या पुढे एका वजनकाट्यावर आम्ही भाड्याचे घर चढविले. मालकाने नऊशे किलो सांगितले होते. काट्यावर अकराशे साठ भरले. त्याने खोटे सांगितले होते असे नाही. त्याने रिकाम्या घराचे वजन सांगितले होते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. गॅसची टाकी, तांदूळ, भांडी, अंथरुणे, वहिनींनी मुलीसाठी घेतलेली लोणची व सुकी मासळी, सारे मिळून बाकीचे. दादा काट्याची चिठ्ठी वाचून बराच वेळ गप्प होते. त्यांच्या मोठ्या घराचे पुस्तकातले वजनही रिकाम्याचेच होते. मोटार किती ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तकात छापलेले असते; हिशेब घातला तेव्हा भरलेले मोठे घर त्या आकड्याच्या पलीकडे जात होते.

ओझे कोठे ठेवावयाचे हे मात्र बैलगाडी हाकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते. पुढे जास्त भरले तर बैलांच्या मानेवर येते. येथेही तेच. एकंदर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर यावा. त्याहून फार कमी आला तर वेगात घराची शेपटी डोलू लागते. फार जास्त आला तर मोटारीचे पुढचे टायर जमिनीस नीट धरत नाहीत. आम्ही पाण्याची पिंपे चाकांच्या बरोबर वर आणली आणि लोणची पुढे घेतली.

उज्जैनला पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. महाकाळाच्या बाजूच्या गल्ल्यांत असले घर घालणे अशक्य. ते शहराबाहेर ठेवून आम्ही रिक्षाने हिंडलो. शहरात मराठी कानी पडते, याचे नवल वाटावयास नको. १८१० च्या सुमारास शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास हलविली, तोपर्यंत त्यांचे मुख्य ठाणे हेच. जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. तिची दुरुस्ती माधवराव शिंद्यांनी १९२३ साली करविली. तेथील सूर्ययंत्राची सावली आजही वेळ दाखविते. रामघाटावर क्षिप्रेचे पाणी संथ होते. सिंहस्थात, २०१६ साली झाला तसा, याच घाटावर मुंगीला वाट मिळत नाही. त्या संध्याकाळी मात्र वहिनी पायरीवर बसून अर्धा तास पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, पण तसे त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी महिदपूरची वाट धरली, आणि खरी परीक्षा तेथून सुरू झाली. माळव्याची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. पावसात फुगते आणि चाकाला अशी चिकटते की चाकावर दुसरे चाक चढल्याप्रमाणे दिसते. सोयाबीनची कापणी चालू होती, म्हणजे पाऊस संपला होता. पण वरची साय वाळली असली तरी खाली ओल होती. पूर्वी या प्रांतातून धान्य व मीठ नेणारे बंजारे गाड्यांच्या भानगडीत पडत नसत. ते बैलांच्या पाठीवर गोण्या लादीत. जेथे रस्ता नाही तेथे चाकही नको, असा त्यांचा व्यवहार. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे माळव्यातून उत्तरेस गेले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली छापल्या गेलेल्या पुस्तकाने ती वाट अनेक मराठी घरांत पोहोचली. परत येताना गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून आणली. सहा मीटरचे घर ओढावयास निघालेल्या आम्हांस तो भटजी वारंवार आठवत होता.

महिदपूरजवळ क्षिप्रेकाठी २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकर व इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांची सारी फौज एकाच उतारावरून नदी ओलांडून आली. आम्हांस फौज नव्हती, तरी उतार होतेच. तिकडे ओढ्यावरील बसक्या पुलास रपटा म्हणतात. मोटार रपट्यावर उतरते, तो घराचे शेपूट अजून वरच्या काठावर. आणि मोटार पलीकडे चढते, तो शेपूट खाली घासते. तिसऱ्या रपट्यावर दादा उतरले. चाकाच्या खुणेपासून दोरी मागे ताणली, टोकाशी काठी उभी धरली आणि मला पाहावयास सांगितले. काठी चार बोटे जमिनीत गेल्याखेरीज दोरी सरळ राहीना. म्हणजे नव्या घराचा मागचा भाग त्या ठिकाणी फुटलाच असता. आणि नेमका तेथेच त्यांच्या शौचकूपाचा नळ येणार होता. दादा काही बोलले नाहीत. पुढील दोन रपट्यांवर त्यांनी पुन्हा मोजले. उत्तर तेच आले.

मुलीचे गाव सहा किलोमीटरवर राहिले असता अंधार पडला. एका शेताच्या कडेस सपाट जागा पाहून मुक्काम केला, ही आमची चूक. रात्री एक सर आली. सकाळी चाके निम्मी रुतलेली! शेतमालक आपला ट्रॅक्टर घेऊन आला. पहिल्या ओढीस ट्रॅक्टरचीच चाके फिरू लागली. तो खाली उतरला, घरात डोकावला आणि त्याच्या बोलीत म्हणाला, “बाबूजी, आधी घर रिकामे करा, मग ओढू.” पाणी ओतून टाकले. गॅसची टाकी, पेट्या, गाद्या, तांदूळ, लोणची, सारे बांधावर मांडले. टायरांतील हवा कमी केली, म्हणजे रबर पसरून माती अधिक धरते. दुसऱ्या ओढीस घर सहज बाहेर आले. बांधावरच्या त्या बाजाराकडे पाहून शेतकऱ्याची लहान मुलगी हसू लागली. वहिनींनी तिला लोणच्याची एक बरणी दिली. शेतकरी पैसे घेईना.

मुलीच्या अंगणात आम्ही आठ दिवस राहिलो. तेवढ्या दिवसांत काय लागले व काय लागले नाही, याची दादांनी वहीत नोंद ठेवली. शीतयंत्र एकदाही लागले नाही. स्वयंपाक बाहेर चुलीवर किंवा मुलीच्या खोलीत झाला. आतली शेगडी दोनदा पेटली, तीही चहासाठी. पाणी दवाखान्याच्या हापशावर मिळाले. लागली ती कोरडी, धूळ न येणारी झोपण्याची जागा, रात्रीचा दिवा, आणि शौचकूप. या शेवटच्या बाबतीत मात्र वहिनींनी आयुष्यात प्रथमच दादांस निक्षून सांगितले, “पलंग लहान करा, कपाटे काढा, पण माझ्या गुडघ्याला अंधारात शेतात पाठवू नका.” माझे मत असे की, अशा घराच्या निवडीत पुरुषांनी हूक व चाके पाहावीत, परंतु आराखड्यावर शेवटची सही घरातील बाईची असावी.

नवव्या दिवशी दादांनी कारखान्यास दूरध्वनी केला. बयाण्याचा काही भाग बुडाला. तो बुडाल्याचे दुःख त्यांनी लपविले नाही. त्याच कारखान्याकडे त्यांनी चार मीटरचे, एका आसाचे, मोटारीहून रुंद नसलेले घर मागविले. त्याचा मागचा तळ खालून तिरका कापलेला, आत स्वयंपाकघर नाही, पाणी साठ लिटर, शौचकूप आहे. उरलेल्या रकमेतून मुलीच्या खोलीला एक पडवी काढावयाची ठरली.

निघताना दादा काठी शोधू लागले. ती मुलीने आधीच उचलली होती. दवाखान्यामागे तिने वालाचा वेल लावला होता, आणि त्याला आधार हवा होता.