तेरेखोलचा मुक्काम

पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा किनारा नाही, त्याचा सारा काठ अटलांटिकचा. तथापि त्या देशाची हवा बव्हंशी भूमध्य प्रदेशाचीच, म्हणजे उन्हाळा कोरडा आणि लख्ख उन्हाचा व पाऊस हिवाळ्यातला, आणि अशा हवेत घर बांधण्याची, दुपारी विसावण्याची व अंगणाभोवती सारा संसार मांडण्याची जी रीत त्या लोकांच्या अंगवळणी पडली, ती त्यांनी आपल्या अंमलाबरोबर गोमंतकातही आणली. येथे मात्र गाठ पडली ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळणाऱ्या पावसाशी. म्हणून भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि जाड झाल्या, छपरे उतरती व कौलारू राहिली, खिडक्यांना पारदर्शक शिंपल्यांची तावदाने बसली, आणि दारापुढे सोपो, म्हणजे बसायचे ओटे, घातलेली बाल्कांव, म्हणजे छपराखालची ओसरी, आली. ऊन जपून घ्यावे आणि पाऊस बाहेर ठेवावा अशी ही रचना मला फार हृद्य वाटते. ती निवांतपणे पाहायची, तर गोव्याच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर जाऊ नये. उत्तर टोकाच्या तेरेखोलला मुक्काम करावा.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहणाऱ्यास ही यात्रा सोपी आहे. वल्लभनगरचे एस. टी. स्थानक हाकेच्या अंतरावर. तेथे रात्रीची सावंतवाडीची गाडी धरावी आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या आपल्या नगरातून झोपेतच बाहेर पडावे. आंबोलीच्या घाटात उजाडते. सावंतवाडीहून पुढची वाट शिरोड्यावरून जाते, आणि शिरोड्यास क्षणभर तरी थांबल्यावाचून मराठी माणसास पुढे जाववत नाही; कारण 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरे येथली, आणि विष्णु सखाराम खांडेकरांनी 1920 ते 1938 या काळात शिक्षक म्हणून सेवा केली ती शाळाही याच गावातली. तेथून रेडी, आणि रेडीनंतर थोड्याच वेळात महाराष्ट्राची सरहद्द संपते.

तेरेखोल नदी येथे समुद्रास मिळते. गोव्याचा सारा मुलूख नदीच्या दक्षिणेस, आणि हे एवढेच गाव उत्तरेस. पलीकडच्या केरीला जायचे तर फेरीबोट. नदीच्या मुखावर, समुद्रात घुसलेल्या टेकाडावर किल्ला उभा आहे. तो आकाराने लहान आहे, पण मोक्याच्या जागी बसला असल्यामुळे त्याच्या नजरेतून एक पडावही सुटू नये.

सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी तो बांधला. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने स्वारी करून तो घेतला. याच मोहिमेत त्याने हळर्णचा किल्लाही जिंकला, आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या राजाने त्यास ‘आलोर्नचा मार्क्विस’ हा किताब दिला. गोव्यातील एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्यास असे कायमचे जडले! 1764 मध्ये किल्ल्याची पुनर्बांधणी झाली. नदीपलीकडचा पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो पुढे 1788 साली. म्हणजे मधली चाळीसहून अधिक वर्षे हे ठाणे सावंतांच्या मुलखात एकटे पाय रोवून होते. शिबंदीने डोळ्यांत तेल घालून पाहिले असेल ते आपल्याच बाजूस, मराठी मुलखाकडे.

मी उतरलो त्या काळी किल्ल्यात सात खोल्यांचे लहानसे हॉटेल चाले, आणि खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावे दिलेली होती. दिंडीतून आत गेले की चौक, आणि तो चौक जवळजवळ व्यापून टाकणारे संत आंतोनीचे पांढरेशुभ्र चर्च. एरवी ते बंद असते. वार्षिक सणाला दार उघडते आणि गावकरी प्रार्थनेस येतात. वरच्या गच्चीवर सकाळचे ऊन चुन्याच्या भिंतीवरून परावर्तित होऊन इतके प्रखर होई की डोळे मिटून घ्यावे लागत, आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगास, हात लावून पाहावा तो, दगड माठासारखा गार. दुपारी जेवणात आमटीसारखे पातळ माशाचे हुमण, उकडा भात आणि सोलकढी. वाढणारा वृद्ध सेवक ताट उचलताना म्हणे, “वायच बसा हो, वारो येता.” आणि खरोखरच तिसऱ्या प्रहरी समुद्रावरून वारा सुटे, खालच्या फेरीबोटीचा घरघराट तेवढा वर ऐकू येई, बाकी काही नाही.

परंतु या निवांतपणाचा उपभोग घेताना मनात एक विचार सतत येत असे. अशा उन्हात, अशा गच्चीवर बसण्याचा अधिकार दोनशे वर्षे परकीय किल्लेदाराचा होता. 1835 साली बेर्नार्दु पेरिश द सिल्व हा गोमंतकीय पुरुष राज्याच्या सर्वोच्च पदी, प्रीफेक्ट म्हणून, बसला आणि काही दिवसांतच पदच्युत झाला. त्याच्या पक्षाने चालविलेल्या झगड्याचे रक्त याही किल्ल्यावर सांडले. पुढे 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेद आफोन्स यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची तुकडी निःशस्त्र आत शिरली आणि तिने या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. त्यांना अटक झाली, तुरुंगवास भोगावा लागला. आणि पोर्तुगीज निशाण कायमचे उतरावयास 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला.

1954 च्या त्या 15 ऑगस्टला आफोन्स आणि त्यांचे सोबती ज्या दिंडीतून आत आले, तिच्यातूनच मी बोचके घेऊन, चहा कुठे मिळेल असे विचारीत आलो होतो. नगरात परतल्यावर शेजाऱ्यांनी तेथली हवा, जेवण आणि खोलीचे भाडे विचारले, ते मी सांगितले. आणि त्यांना एक विनंतीही केली, की तेरेखोलला जाल तेव्हा गच्चीकडे वळण्याआधी दिंडीपाशी थोडे थांबा आणि त्या सत्याग्रहींचे स्मरण करूनच आत जा.