ए की ॲन?

आमची पिढी इंग्रजी शिकली ती डोळ्यांनी. मराठी आम्ही आईच्या ओव्यांतून, शेजाऱ्यांच्या भांडणांतून आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्यांतून कानाने उचलली. इंग्रजी मात्र एके दिवशी छापील पुस्तकातून समोर आली आणि शेवटपर्यंत छापीलच राहिली. स्पेलिंग पाठ, अर्थ पाठ, व्याकरणही पाठ. त्या व्याकरणातला सर्वांत सोपा नियम म्हणून पहिल्याच महिन्यात फळ्यावर आला तो उपपदाचा. ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'ॲन' आणि बाकी सगळ्यांआधी 'ए'. 'ए बॉय', 'ॲन ॲपल'. सफरचंद आमच्यापैकी कितीजणांनी खाल्ले होते कोण जाणे. पण त्याच्या आधी 'ॲन' लागते याविषयी कुणाच्याही मनात शंका नव्हती.

मग अपवादांची पलटण आली. 'अवर' या शब्दाचे पहिले अक्षर एच, तरी 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' तसाच आणि वारस या अर्थाचा 'एअर'ही तसाच. उलट 'युनिव्हर्सिटी' आणि 'युरोपियन' यांच्या आरंभी स्वर दिसत असूनही त्यांना 'ए'च हवा. 'वन'चे पहिले अक्षर ओ, पण एक रुपयाची नोट मात्र 'ए वन-रुपी नोट'. आम्ही हे अपवादही मुकाट्याने पाठ केले. भाषा साहेबाची, तेव्हा मर्जीही साहेबाची, अशी आम्ही आपली समजूत घालून घेतली होती.

माझ्या वडिलांच्या बाबतीत मात्र या मर्जीने थट्टेच्या पलीकडे मजल मारली. ते एका कचेरीत कारकून होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पण अक्षर मोत्यासारखे आणि इंग्रजी कोश सदैव हाताशी. वाड्यातल्या निम्म्या बिऱ्हाडांचे अर्ज त्यांनीच लिहिलेले असत. १९५८ साली त्यांनी कचेरीतल्या शिपायांसाठी एक टिपण तयार केले. प्रत्येकाला दरसाल एक नवा गणवेश मिळावा, एवढीच त्यातली मागणी. शब्दाच्या आरंभी यू होता म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे 'ॲन यूनिफॉर्म' असे लिहिले. साहेबांनी त्या शब्दांभोवती लाल शाईने वर्तुळ काढले, सगळ्या कारकुनांना बोलावले, ते मोठ्याने वाचून दाखवले आणि ते हसले. साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले.

शिपायांना गणवेश मिळाले. पण वडिलांनी त्या दिवसापासून 'ए' आणि 'ॲन' दोघांनाही आपल्या लेखणीतून हद्दपार केले. जिथे एकाचा उल्लेख यायचा तिथे ते 'वन' लिहीत. 'वन लेटर', 'वन अम्ब्रेला', 'वन ऑनेस्ट मॅन'. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. आई म्हणे, "अहो, एवढंसं ते, किती मनाला लावून घ्यायचं!" वडील मान वर न करता म्हणत, "वनमध्ये धोका नाही."

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला सवड मिळाली आणि या चिमुकल्या शब्दांच्या मागे मी लागलो. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, फळ्यावरचा तो नियमच मुळात अपुरा होता. 'ए' की 'ॲन' हे अक्षर पाहून ठरत नाही. पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार ऐकून ठरते. आणि तो उच्चार मराठी माणसाला ऐकवण्याची सोय त्याच्या बाळबोध लिपीतच आहे. ते सगळे अपवाद देवनागरीत लिहून पाहा. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एअर': आरंभी स्वर, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'यूनिफॉर्म': आरंभी य हे व्यंजन, म्हणून 'ए'. 'वन'मध्ये व, म्हणून 'ए'. पदवीधर 'ए बी. ए.' होतो, आणखी दोन वर्षे शिकला की 'ॲन एम. ए.' होतो. आपली लाल गाडी 'ॲन एस. टी. बस', पण तिचे नाव लांबवून स्टेट ट्रान्सपोर्ट म्हटले की लगेच 'ए'. पाठ केलेल्या त्या पलटणीतला एकही अपवाद उरत नाही. किल्ली आमच्या दप्तरातच होती. ती या कुलपाला लावून पाहा, असे कुणी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. हाच कायदा आपल्या बोलण्यातही आहे. नकार दाखवायचा तर व्यंजनापूर्वी 'अ' येतो आणि स्वरापूर्वी 'अन्'. अशक्य, अज्ञान, अयोग्य. पण अनादर, अनिष्ट, अनुचित. एक नव्हे ते अनेक. पाणिनीने याचा नियम कधीच बांधून ठेवला आहे. पण बाजारात 'अनोळखी माणूस' म्हणणाऱ्या बाईला पाणिनी लागत नाही. इंग्रजीतल्या 'ॲन'चा अर्थ वेगळा, त्याचे कूळही वेगळे. पण दोन स्वरांची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये न घालायचा, ही कानाची खोड दोन्हीकडे सारखीच.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मात्र मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. जुन्या इंग्रजीत एक हा आकडा आणि हे उपपद निराळे नव्हतेच. 'वन' आणि 'ॲन' एकाच शब्दापासून निघाले आणि पुढे व्यंजनापूर्वी 'ॲन'मधला न गळून 'ए' उरला. त्या न-ने वाटेत खोड्याही पुष्कळ केल्या. क्रिकेटमधला अंपायर पूर्वी 'नंपायर'सारखा उच्चारला जाई. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ जोडीत नसलेला, म्हणजे आपला तिऱ्हाईत. त्याचा न उपपदाने पळवला. स्वयंपाकघरातल्या एप्रनचाही पळवला. 'निकनेम'ला मात्र तो आयता मिळाला. तो शब्द पूर्वी 'एकनेम' होता, म्हणजे जोडनाव. स्वतः इंग्रजांनाच न मागच्याचा की पुढच्याचा हे धड ऐकू आले नाही आणि त्यांच्या चुकांचेच पुढे शब्द झाले.

शिवाय अठराव्या शतकात यूपूर्वी 'ॲन' लिहिण्याचा प्रघात होता. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत नेमके 'ॲन यूनिफॉर्म' असेच शब्द आहेत! १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेत त्याच शब्दाआधी 'ए' आहे. मधल्या काळात रूढी बदलली, इतकेच. शिपायांच्या गणवेशाची मागणी करणारा एक कारकून त्या बदलाची खबर न लागता जुन्या वाटेने गेला आणि लाल शाईत सापडला.

माझी नात इंग्रजी कानाने शिकली आहे. नियम विचारला तर तिला सांगता येत नाही. पण 'ॲन एम. एल. ए.' तिच्या तोंडून सहज येते. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तिला ट्रंकेत पणजोबांची काही पत्रे सापडली. "आजोबा, यांनी सगळीकडे वन का लिहिलंय?" तिने विचारले. मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं बरोबरच होतं की!"

तसे म्हणता यायचे नाही. आजच्या इंग्रजीत ते 'वन' खटकतेच. पण कचेरीभर हसण्यासारखे तेव्हाही त्यात काही नव्हते, आणि हे सांगायला आज वडील नाहीत म्हणून ते इथे लिहून ठेवले.