बाळाचे श्वास कोणी मोजावे?

आमच्या वाड्यातील माजघराच्या डाव्या हाताची खोली अद्यापि बाळंतिणीची खोली म्हणूनच ओळखली जाते. याच खोलीत १९५८ च्या मार्गशीर्षात आमचा धाकटा भाऊ अवघा चार महिन्यांचा असता गेला. त्यास दोन दिवस खोकला होता. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीस आजी म्हणाली, "पोराचे पोट उडते आहे. डबा झाला." तीर्थरूपांनी तिला गप्प केले. ते शास्त्र विषयाचे शिक्षक. असले शब्द त्यांस अडाणीपणाचे वाटत. "डॉक्टर येऊन सांगतीलच की," ते म्हणाले. डॉक्टर परगावी होते. ते उजाडल्यावर आले, तेव्हा सांगण्याजोगे काही उरले नव्हते.

आजीला दिसले ते न्यूमोनियाचेच लक्षण होते, हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याविषयी वाचताना ते कळले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले हे दांपत्य १९८६ साली त्या अरण्यमय जिल्ह्यात जाऊन राहिले. पदव्या मोठ्या, पण त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: जेथे डॉक्टर पोहोचत नाही, तेथे तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया ओळखावा कोणी, आणि कसा? खोकणारे मूल शांत असता पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनिया समजावा. ना एक्स-रे, ना स्टेथॉस्कोप.

परंतु निरक्षर सुइणीस पन्नासपर्यंत मोजता कोठे येई? तिच्याकरिता मण्यांचे एक साधन केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, की औषध सुरू. जपमाळेवर सारा जन्म बोटे फिरविणाऱ्या आमच्या आजीस ही विद्या एका दुपारीत साधली असती, असे आम्हांस राहून राहून वाटते.

या प्रयोगाचा वृत्तांत १९९० साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे त्यांनी जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांकडे लक्ष वळविले. ३९ गावांतील थोडेबहुत शिकलेल्या स्त्रियांस नवजात अर्भकाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, गुदमरल्यास श्वास देणे, आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शन टोचणेसुद्धा शिकविले. सुई! येथे आम्ही वाचता वाचता थबकलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरी कंपाउंडरने टोचले तरी नाके मुरडली जात. परंतु तुलनेसाठी निवडलेल्या इतर गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आकड्यापुढे आमचे नाक ते काय! २०११ पासून सरकारने घरोघरच्या नवजात देखभालीचे काम देशभरच्या आशाताईंकडे सोपविले.

गेल्या पौषात आमचा सात महिन्यांचा नातू खोकू लागला. रात्री दहा वाजता आम्ही घड्याळ घेऊन पाळण्याशी बसलो. ५८ भरले. पुन्हा मोजले, ५७. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नाक चोंदले असेल. सकाळची वेळ घेतली आहे. डॉक्टर सांगतीलच की." आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेच शब्द, आणि खोलीही तीच. सूनबाई मात्र काही न बोलता उठल्या, आमच्या हातून घड्याळ घेतले, स्वतः मोजले आणि मुलास शालीत गुंडाळले. नातू सहाव्या दिवशी इस्पितळातून घरी आला.

परवा शेजारच्या बाळंतिणीकडे आशाताई चौदाव्या दिवसाच्या भेटीस आल्या होत्या. आम्ही मोठ्या ऐटीत त्यांस आपली मोजणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतले व विचारले, "आजोबा, अंगावरचे कपडे वर करून, पोटाकडे पाहून मोजलेत ना? की दुपट्यावरूनच?"

दुपट्यावरूनच मोजले होते.