खवळलेल्या पाण्याचे इल्म

आमच्या तेरचे नाव गोरोबाकाकांमुळे महाराष्ट्रभर झाले. त्याहून जुने नाव तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते सापडते. पण या गावातल्या आमच्या मोहल्ल्यातून कुणी शास्त्रज्ञ निघाल्याचे मला ठाऊक नाही.

माझी भाची बी.एस्सी. झाली आणि एम.एस्सी.ला फिजिक्स घेणार म्हणाली. ''बी.एड. कर, नोकरी लागेल,'' असे मेहुण्यांचे म्हणणे. ''मामू, तुम्हीच अब्बांना सांगा,'' म्हणून ती माझ्याकडे आली. पुरातल्या तेरणेत भोवरे का पडतात, हे तिला शिकायचे होते.

या खवळण्याला टर्ब्युलन्स म्हणतात. १८८३ साली मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची धार सोडून पाहिले. वेग कमी असताना धार सरळ राही. एका मर्यादेपुढे ती विस्कटून पाण्यात मिसळून जाई. आपल्याकडे साताऱ्याकडच्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी याच वाटेने गेले. पेशाने ते केमिकल इंजिनिअर. मुंबईच्या यूडीसीटीतून १९७७ साली पीएच.डी. झाले, १९९९ ते २००९ तिथेच संचालक राहिले. रसायनांच्या उंच टाकीत खालून बुडबुडे सोडले की द्रव कसा घुसळतो, याच्या मोजमापात त्यांची कित्येक वर्षे गेली. २०१४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मेहुण्यांना पद्मभूषणाचे कौतुक वाटले, पण मन वळले नाही. ते वळले पाइपलाइनपाशी. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी वरच्या रानात पोचत नव्हते आणि ते मोठी मोटार घ्यायच्या विचारात होते. भाचीने हिशेब मांडला. पाणी खवळून वाहते तेव्हा वेग दुप्पट झाला तर घर्षण जवळपास चौपट होते. दोन इंचीऐवजी तीन इंची पाइप टाकला तर तेवढेच पाणी नेताना घर्षणाचा तोटा साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. ''अब्बा, मोटार राहू द्या, पाइप बदला.''

पाइप बदलला, पाणी चढले. मेहुणे मला एवढेच म्हणाले, ''दोन वर्षांची फी मी भरतो. पुढचे तिने स्कॉलरशिपवर बघावे.''

पुढची वाट सोपी नाही. प्रयोग वर्षानुवर्षे चालतात आणि लग्नाची स्थळे तोवर थांबत नाहीत. आपण मुलींच्या तालीमीवर भाषणे पुष्कळ केली. आता दोन वर्षांनंतरच्या पाच वर्षांचा खर्च कोण उचलणार, यावर बोलले पाहिजे.