उस्तादांची उधारी

२०१६च्या नोव्हेंबरात माझ्या खिशात पाचशेच्या सात नोटा होत्या आणि त्यांतली एकही चालत नव्हती. ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झालेली. आईचं मिरजेचं रिझर्व्हेशन १४ तारखेचं, निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसचं. मानेसरपासून निजामुद्दीन पन्नासेक किलोमीटर, आणि आमची गाडी ब्रेक मारला की अशी थरथरायची, की आई दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून बसायची. बोलायची काही नाही. तिचं ते न बोलणं मला सहन होत नव्हतं.

मी तेव्हा मानेसरच्या आयएमटी या औद्योगिक वसाहतीत, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम करायचो. मारुतीचा तिथला कारखाना २००७ साली सुरू झाला. त्याच्यामागे आलेल्या कामावर आम्ही काही जण भोसरी सोडून हरियाणात येऊन राहिलो होतो. गाडी एका मोठ्या वर्कशॉपात दाखवून झाली होती. त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, नवे ब्रेक पॅड घातले. चार दिवस बरे गेले आणि थरथर परत आली. मग म्हणाले, दोन्ही डिस्क वाकल्यात, नव्या टाका.

कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरनं मला बिलासपूर चौकातून तावडूच्या रस्त्याला असलेल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्तादच म्हणत. मेवातचे, साठीच्या आसपासचे. शनिवारी गाडी घेऊन गेलो, तर बॉनेटला त्यांनी हातही लावला नाही. शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चलाओ." ऐंशीच्या वेगात मी ब्रेक दाबला, तसा त्यांनी तळवा स्टीअरिंगच्या खालच्या कडेला टेकवला.

"बिना ब्रेक के हिलती है?" नाही. "सीट हिलती है या स्टेअरिंग?" स्टीअरिंग, आणि पायाखाली पेडल धडधडतं. ब्रेक न मारताही हलत असती तर त्यांनी आधी टायर आणि बॅलन्सिंग बघितलं असतं. नुसती सीट हलली असती तर मागचे ड्रम. दोन प्रश्नांत ते पुढच्या डिस्कवर आले. मग तिसरा प्रश्न, जो मला कुणीच विचारला नव्हता: "बारिश में पानी में खड़ी रही थी?"

राहिली होती. २८ जुलैच्या त्या रात्री हिरो होंडा चौकात पाणी साचून सगळा हायवे ठप्प झाला होता, आणि मी चाकं निम्मी पाण्यात असताना पहाटेपर्यंत त्याच रांगेत अडकलो होतो.

चाक काढलं. डिस्कच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट पिळून उस्तादांनी ती हबपासून सोडवली. मागं हबच्या तोंडावर गंजाची पापडी धरली होती, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. डिस्क वाकलेली नव्हती, तिरकी बसली होती. वर कुणीतरी एअर गननं नट वेडेवाकडे आवळलेले. अशी डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि हजारो किलोमीटरनंतर तिथं पातळ होते. मग ब्रेक दाबला की जाड-पातळ जागा पॅडखालून जातात, कॅलिपरचा पिस्टन मागं-पुढं होतो आणि तेच पायाला नि हाताला लागतं. नवे पॅड घालून हे जाणारच नव्हतं.

फिरताना डिस्क किती डगमगते हे मोजायची डायल उस्तादांकडे नव्हती. त्यांनी फिरत्या डिस्कजवळ खडू धरला. जिथं खडू उमटला ती उंच बाजू. मी घरी जाऊन माझी डायल आणि मायक्रोमीटर घेऊन आलो. डायलवर नऊ शतांश मिलिमीटर आले. त्यांनी हब तारेच्या ब्रशनं लख्ख केला, डिस्क एक स्टड पुढं फिरवून बसवली. तीन शतांश. खडूनं दाखवलेली जागा बरोबर होती. दिवसभर मायक्रॉन मोजणाऱ्या मला स्वतःच्या गाडीला डायल लावायचं सुचलं नव्हतं, ते या माणसाच्या खडूनं सुचवलं.

पण जाडीत अडीच शतांशांचा फरक होता, आणि तेवढा थरथरायला पुरतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; तो वाचून, अजून माप शिल्लक आहे हे बघून, उस्तादांनी दोन्ही डिस्क लेथवर टर्निंगला पाठवल्या. नव्या विकल्या असत्या तर त्यांनाच चार पैसे सुटले असते.

लेथवाल्याला पैसे उस्तादांनी दिले. शर्टाच्या खिशातून शंभराच्या नोटा. त्या आठवड्यात शंभराची नोट म्हणजे काय होती, हे बँकेच्या रांगेत जो उभा राहिला त्याला माहीत आहे. शेडमधल्या दोन पोरांचा हप्ता त्यांना त्याच नोटांतून द्यायचा होता. मी माझ्या पाचशेच्या नोटा पुढं केल्या, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "पहले माँ को गाड़ी में बैठाओ. पैसे कहीं भागे नहीं जा रहे."

डिस्क परत बसवल्यावर प्रत्येक चाकाचे चार नट त्यांनी हाताच्या पान्यानं, समोरासमोरचे, दोन दमांत आवळले आणि मलाही तसे आवळून बघायला लावले. संध्याकाळी आम्ही एप्रिलमध्ये सुरू झालेल्या केएमपी एक्स्प्रेसवेच्या पलवलकडच्या रस्त्याला गेलो. ऐंशीवरून तीसवर, गाडी पूर्ण न थांबवता, मधे डिस्क गार होऊ देत, दहा वेळा. स्टीअरिंग देवळातल्या समईसारखं स्थिर.

१४ तारखेला आई निजामुद्दीनपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. धौला कुआँला झोपलीसुद्धा.

साडेसहाशे रुपये मी डिसेंबरात नेऊन दिले. वर एक रुपयाही त्यांनी घेतला नाही. २०१८ साली महाराष्ट्रात, चाकणला परत येताना मॅग्नेटच्या स्टँडसकट माझी डायल त्यांच्या शेडमध्ये ठेवून आलो. साडेसहाशे फिटले, पण त्या शनिवारच्या शंभराच्या नोटा फिटलेल्या नाहीत.

तुमची गाडी ब्रेकला थरथरत असेल तर नवी डिस्क घेण्याआधी डिस्कमागचा हब साफ करून बघायला सांगा. आणि चाकाचे नट हातानं आवळून घ्या. माझ्या गाडीच्या नटांना त्या दिवसापासून एअर गन लागलेली नाही.