बुडालेल्या नावेचा नावाडी

मुलगी देताना आपण घराणे पाहतो, बैल घेताना दात पाहतो; आणि संस्थेवर नवा अधिकारी नेमताना तो पूर्वी कुठे होता, हे पाहतो. त्यात गैर काही नाही. गंमत एवढीच, की बैलाचे दात मोजायला आपण वाकून बसतो. माणसाच्या बाबतीत मात्र ‘आधीची संस्था बुडाली’ एवढे तीन शब्द कानी आले की आपली चौकशी संपते!

अकोला-वाशीम रस्त्यावरचे मेडशी हे माझे आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा मामांच्या ओसरीवर हाच विषय रंगला होता. मामांची ठेव असलेल्या एका पतसंस्थेने नवे व्यवस्थापक नेमले होते, आणि ते पूर्वी जिथे होते ती पतसंस्था बंद पडली होती. मामा म्हणाले, “बापू, बुडाल्या डोंग्याचा नावाडी कोन ठेवते?”

मी पडलो प्राध्यापक. दाखला दिल्यावाचून राहवेना. मी विनय दुबे यांची गोष्ट सांगितली. ऑगस्ट 2017 मध्ये ते जेट एअरवेजचे मुख्याधिकारी झाले. 1993 पासून उडणारी ही कंपनी 17 एप्रिल 2019 रोजी जमिनीवर आली आणि पुढच्याच महिन्यात दुबे बाहेर पडले. पण 2007 साली सहारा एअरलाइन्स विकत घेण्याचा बोजा त्यांच्या आधीचा. शिवाय कंपनीचे संस्थापक नरेश गोयल मार्च 2019 पर्यंत अध्यक्ष होतेच. म्हणजे सुकाणूवर हात एकट्या दुबे यांचा नव्हता. पुढे 2020 मध्ये काही महिने गोएअरने त्यांना प्रमुख नेमले. 7 ऑगस्ट 2022 रोजी त्यांच्याच नेतृत्वाखाली अकासा एअरचे पहिले विमान मुंबईहून अहमदाबादला गेले. त्या कंपनीत पैसा घालणाऱ्यांत राकेश झुनझुनवाला होते. आणि पैशाच्या बाबतीत भाबडे असा काही त्यांचा लौकिक नव्हता!

मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पन ज्याचा पगार अडकला, तो मानूस तारखा पाहते काय?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जेटच्या हजारो नोकरांचे पगार थकले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. दुसऱ्या कंपनीचे विमान उडाले म्हणून त्या घरांतली चूल पेटत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन पतसंस्थेत गेले. त्यांनी व्यवस्थापकांना तीनच गोष्टी विचारल्या. तुम्ही तिथे कधी लागलात? कर्ज मंजूर करणे कोणाच्या हाती होते? आणि बुडते आहे हे दिसल्यावर तुम्ही काय केले? गृहस्थांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. संचालकांच्या नातलगांना आणखी कर्ज देऊ नये, अशी त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रे त्यात होती. पत्रांवर पोच होती. उत्तर मात्र एकाही पत्राला नव्हते.

मामांनी ठेव मोडली नाही. मात्र तिची मुदत संपल्यावर निम्मी रक्कम पोस्टात ठेवली. अनुभवी माणसाने विश्वास आणि सावधगिरी यांची अशीच वाटणी करावी!

निघताना व्यवस्थापक आम्हाला दारापर्यंत पोहोचवायला आले. म्हणाले, “चार ठिकाणी मला नकार मिळाला, इथे नोकरी मिळाली. पण हे प्रश्न आजवर कोणीच विचारले नव्हते.”