भिंतीतला कोनाडा

सुकापूरच्या आमच्या नव्या जागेत सारे काही आहे. फक्त कोनाडा नाही. ही तक्रार माझी नव्हे, आईची. गेल्या दिवाळीपूर्वी वाईजवळचे आमचे जुने विटांचे घर बंद करून मी तिला इकडे घेऊन आलो. पहिल्याच संध्याकाळी ती पणती हातात धरून साऱ्या खोल्या हिंडून आली आणि म्हणाली, "अरे, या चार बोटांच्या भिंतीत दिवा ठेवायचा तरी कुठे?" मी हसलो. घराच्या विक्रीचा कागद माझ्या टेबलाच्या खणात तयार होता. राहिली होती ती फक्त आईची सही.

यंदा उन्हाळ्यात त्या कामासाठी तिला घेऊन वाईस निघालो. वाटेत तिनेच मेणवलीला गाडी वळवायला लावली. कृष्णाकाठचा नाना फडणिसांचा वाडा तिने लहानपणी पाहिलेला.

मेणवली हे गाव नानांना १७६८ साली मिळाले. पुढे त्यांनी तिथे सहा चौकांचा वाडा बांधला आणि नदीला घाट घातला. खाली दगडी जोते, वर पेशवाईतल्या पातळ विटांच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया. बाहेरून हा वाडा गढीसारखा अबोल दिसतो. उजेड नि वारा येतो तो चौकांतून. भिंती अशा जाड, की बाहेरची धग आत पोचायला संध्याकाळ व्हावी. दिवा, पोथी, हिशेबाची वही, साऱ्यांना भिंतीनेच आपल्या पोटात जागा दिलेली.

१८०० साली नाना वारले. मागे राहिली त्यांची पत्नी जिऊबाई, वयाने अगदी पोर. बाजीरावाच्या धाकाने ती लोहगडावर राहिली. नानांचा विश्वासू धोंडोपंत गड धरून बसला होता. जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने गड सुटला. जिऊबाईला इंग्रजांचे संरक्षण आणि वर्षाला १२,००० रुपये मिळाले. आणि ती राहायला गेली कुठे? पनवेलीस! आमच्या सुकापूरच्या अगदी शेजारी. लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी तिला तिथेच भेटला होता.

हे सारे मी मोठ्या हौसेने आईला सांगितले. ती एका कोनाड्यावरून हात फिरवीत होती. म्हणाली, "पैशाची ददात नव्हती म्हणायची. पण तिथे तिने पणती कुठे लावली असेल रे?"

मला उत्तर सुचले नाही. खिशातला कागद मी काही बाहेर काढला नाही.

पावसाआधी घरावरची कौले चाळून घेतली. एवढ्याने घर टिकेल असे नाही. भिंतींना ओल आहे, आणि तिथे कायमचे राहणारे कोणी नाही. कागद अजून खणातच आहे. पण यंदाची दिवाळी आम्ही तिकडे करणार आहोत. आईने पणत्या आजपासूनच भिजत घातल्या आहेत.